रोह्याच्या थांब्यावरचे अकरा उंदीर

कमळाकर म्हात्रे पेणला जितेश ठाकूर इंजिनिअरच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होता, आणि सव्वीस वर्षं त्यानं एकच घर काढलं होतं. म्हणजे नकाशे शेकड्यांनी काढले, पण हॉल, किचन, दोन बेडरूम, एक संडास आत नि एक बाहेर, हे काही बदललं नाही. आधी पेन्सिलीनं काढलं, मग शाईनं, मग कॉम्प्युटर आला तेव्हा कॉम्प्युटरवर. ज्यांनी त्याला कामावर घेतलं ते थोरले ठाकूर वारले, त्यांचा मुलगा जितेश खुर्चीवर बसला. घर तेच राहिलं.

"काका, लोकांना पायजे ते द्यायचं," जितेश म्हणायचा. "आर्किटेक्चर म्हणजे गिऱ्हाईक. आपण नुसते हात."

कमळाकर मान हलवायचा आणि पुन्हा आतला संडास काढायला घ्यायचा.

दारू नाही, पत्ते नाहीत, अशा माणसाला काहीतरी लागतंच. कमळाकरला स्पर्धा लागल्या. कुठं इमारतीच्या आराखड्याची स्पर्धा निघाली की याचा कागद निघाला. तिकडं लांब थंड मुलखातल्या एका वाचनालयाची स्पर्धा होती. बर्फ त्यानं जन्मात पाहिला नव्हता. पण वडखळजवळच्या खाडीकाठी त्याचा बाप मिठागरात राबलेला, तेव्हा मीठ पाहिलं होतं. बर्फ घसरून जावा म्हणून, मिठाची रास ज्या उतारावर टिकत नाही त्याच्याहून जरा जास्त उतार त्यानं वाचनालयाच्या छपराला दिला, पुढं पडवी काढली आणि पडवीत चपला ठेवायला फळी. वाळवंटातल्या शाळेसाठी पाठवलं, कुठल्या तरी बेटावरच्या दीपगृहासाठी पाठवलं. अशा सदतीस स्पर्धा झाल्या. पाच ठिकाणांहून "सहभागाबद्दल आभार" आले, बाकीच्यांकडून तेही नाही.

त्याची बायको चंद्रावती जोह्याला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचे. सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात जोखमीचं काम. तिचा हात असा की मूर्ती आपल्याकडंच बघतेय असं खोलीतल्या दहाही माणसांना वाटावं. नवऱ्याच्या नादाला तिनं कधी आडकाठी केली नाही, पण एकदा विचारलं होतं.

"अवं, त्या दीपगृहाचं काय झालं?"

"दुसऱ्या कोणाला दिलं असंल."

"मंग त्यांनी कळवायला नको? आमच्या कारखान्यात मूर्ती फुटली तरी गिऱ्हाइकाला फोन करतात."

कमळाकरनं पुढच्या स्पर्धेचा कागद पसरला.

अडतिसावी स्पर्धा निघाली ती रोह्याला. प्रविणशेठ म्हणून तिथं लाद्यांचे व्यापारी. त्यांची आई इंदुबाई एकदा भाचीच्या लग्नाला निघालेली. कुंडलिका नदीकाठी मिनिडोर, म्हणजे सहा सीटांच्या रिक्षा, सुटतात त्या थांब्यावर ती वैशाखात चार तास उन्हात उभी राहिली, मिनिडोर काही भरेना, शेवटी घरी परत आली आणि म्हणाली, "ज्या गावात थांबायला सावली नाय, त्या गावात सोयरीक करू नये." पुढं ती पुष्कळ वर्षं जगली नि म्हातारपणानं गेली, पण हे वाक्य शेठच्या डोक्यात रुतून बसलं. आईच्या नावानं त्याच जागी प्रतीक्षालय बांधायचं त्यांनी ठरवलं. परवानगी काढली, लाद्या गोदामात होत्या, गवंडी घरचा. स्पर्धेचं खूळ मुंबईच्या जावयानं घातलं. "पप्पा, असंच बांधलंत तर ती शेड होईल," जावई म्हणाला. "स्पर्धा घेऊन बांधलंत तर वास्तू होईल."

शेठना वास्तूच हवी होती. नियमावली छापली, तीन परीक्षक ठरवले. नियम नऊ: पहिल्या क्रमांकाची रचनाच प्रत्यक्ष बांधली जाईल. नियम अकरा: स्पर्धकाची ओळख परीक्षकांना कोणत्याही प्रकारे कळल्यास प्रवेशिका बाद.

कमळाकर हरखला. वाळवंटात काही जाता आलं नव्हतं. रोहा एका येश्टीवर होतं. पुढचे सहा रविवार तो सकाळची गाडी धरून रोह्याला गेला आणि थांब्यावर टेप, वही नि पाण्याची बाटली घेऊन बसला. सावली किती वाजता कुठं पडते ते खडूनं आखायचा. कोण कसं उभं राहतं, कोण उकिडवं बसतं, कोण कुणाच्या सावलीत उभं राहतं, सगळं वहीत.

गोविंदा म्हणून मिनिडोरवाला होता. त्यानं दुसऱ्या रविवारी विचारलं, "काका, चार गाड्या गेल्या. कुठं जायचंय?"

"कुठं नाय."

"मंग वाट कोणाची बघता?"

"मी नाय बघत. लोकं कशी वाट बघतात ते बघतोय."

गोविंदानं हे जाऊन सगळ्या स्टँडला सांगितलं, आणि त्याचा जो अर्थ निघायचा तो निघाला: सरकारी माणूस आलाय, रस्ता रुंद होणार. तिसऱ्या रविवारी वडापावची गाडी लावणारी शकू त्याला फुकट चहा घेऊन आली नि हळूच म्हणाली, "साहेब, माझी गाडी कितीत बसते?" कमळाकरला वाटलं, बाई मोजमापात रस घेतेय. त्यानं टेप लावून मोठ्या आनंदानं सांगितलं, "तीन फूट पुढं हाय." पुढच्या रविवारी शकूची गाडी तीन फूट मागं होती. तिच्या शेजारचा चप्पलवाला सहा फूट मागं, आणि एका पानवाल्यानं तर टपरी उचलून चक्क दुसऱ्या आळीत नेली होती. सहाव्या रविवारी प्रतीक्षालयाची जागा आखून दिल्यासारखी मोकळी झालेली. कमळाकर मनात म्हणाला, छान, गर्दी कमी असते इथं.

एक गोष्ट मात्र त्यानं नीट पाहिली होती. बाया डोक्यावर भाजीच्या, मासळीच्या पाट्या घेऊन येत. पाटी खाली ठेवायची तर दुसरं माणूस लागतं. पुन्हा डोक्यावर घ्यायची तरी लागतं. म्हणून त्या ठेवतच नसत. तासतासभर ओझं डोक्यावर घेऊन उभ्या. कमळाकरनं आपल्या आराखड्यात छातीच्या उंचीची एक कट्टी काढली. बाईनं कट्टीपाशी यावं, जरा वाकावं, पाटी कट्टीवर सरकवावी. जाताना तशीच डोक्यावर घ्यावी. कुणाला हाक मारायला नको. छप्पर पश्चिमेला खाली आणलं, तीनच्या उन्हाला अडवायला, आणि नदीच्या बाजूला उंच केलं, वाऱ्यासाठी. बास, एवढंच होतं. पण एवढ्यासाठी तो रात्रंदिवस त्याच विचारात होता, आणि ऑफिसात एका गिऱ्हाइकाच्या बेडरूममध्ये त्यानं कट्टी काढून ठेवली तेव्हा जितेशनं त्याला दोन दिवस सुट्टी दिली.

मॉडेल जोह्याच्या कारखान्यात प्लास्टरचं ओतलं. चंद्रावतीनं छपराला कडेकडेनं सोनेरी रेघ मारली. "राहू दे, हाताला सवय हाय," म्हणाली. आता मॉडेलमध्ये माणसं हवीत, नाहीतर बघणाऱ्याला उंची कळत नाही. बोटाएवढी माणसं कारखान्यात कुठून येणार? गणपतींचे साचे, गौरींचे साचे. गौर ठेवली तर ती छपराहून उंच व्हायला लागली. शेवटी बरोबर मापाचं एकच निघालं: गणपतीच्या पायाशी बसतो तो उंदीर. दोन पायांवर उभा, हातात मोदकाचं ताट.

"उंदीर?" कमळाकर म्हणाला.

"उंचीला हवीत ना माणसं? मंग उंची बघा, मिशा कशाला बघता?" चंद्रावती म्हणाली.

बारा उंदीर चिकटवले. दोन रांगांत, वाट बघत.

स्पर्धेच्या दिवशी कमळाकर मॉडेल मांडीवर घेऊन पेणहून येश्टीत बसला. नागोठण्यापर्यंत ठीक होतं. पुढं भिसे खिंडीतल्या वळणांनी एक उंदीर सुटला नि सीटखाली गडगडत गेला. मॉडेल सोडून वाकणं शक्य नव्हतं. पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं पाय वर घेतले. रोह्याला उतरला तेव्हा अकरा उरले होते.

शाळेच्या हॉलमध्ये परीक्षक बसले होते. वास्तुविशारद नूतन, वास्तुविशारद हर्षद आणि वस्तूंचे डिझायनर प्रणित, तिघंही मुंबईचे. प्रविणशेठ दारातच भेटले. त्यांनी कमळाकरला बाजूला घेतलं.

"म्हात्रे, एकच प्रवेशिका आलीय. तुमची."

"एकच?"

"पण नियम अकरा. ओळख द्यायची नाय. तुम्ही मॉडेल आणून देणारा माणूस. समजलं?"

त्यामुळं पुढचे तीन तास कमळाकर मॉडेल आणून देणारा माणूस म्हणून उभा राहिला. मॉडेलवर 'प्रवेशिका क्रमांक एक' अशी चिठ्ठी लावली. ते टेबल जरा डुगडुगत होतं म्हणून मॉडेल त्यालाच हातात धरायला लावलं.

"वास्तुकला म्हणजे संवाद," हर्षदनी सुरुवात केली. "इमारत माणसाशी बोलली पाहिजे."

"वास्तुकला म्हणजे मौन," नूतन म्हणाल्या. मौन म्हणजे काय, ते का मोठं, आपल्याकडं ते कसं हरवलं, यावर त्या पाऊण तास बोलल्या. संवादाच्या बाजूचे हर्षद एवढे चिडले की पुढचा अर्धा तास त्यांनी तोंड उघडलं नाही. मधल्या वेळात प्रणितनी मोबाईल चार्जिंगची सोय कुठं आहे असं विचारलं. आराखड्यात की हॉलमध्ये, ते कुणाला कळलं नाही. शेठनी भिंतीतला प्लग दाखवला.

मग सगळे मॉडेलभोवती आले.

"जरा डावीकडे फिरवा," प्रणित म्हणाले. कमळाकर फिरला. "अजून. थांबा. हे काय आहे?"

"उंदीर," हर्षद वाकून म्हणाले, आणि त्यांचा राग एकदम उतरला. "अहो, बघितलंत? माणूस नाहीच! हजारो वर्षं आपण माणसाला मधोमध ठेवून बांधलं. इथं कुणीतरी पहिल्यांदा माणसाला बाजूला केलंय."

"आणि अकरा आहेत," नूतन म्हणाल्या. "बाराव्याची जागा मोकळी सोडलीय. तो अजून आलेला नाही. किंवा येऊन गेला. किती धीट मौन आहे हे!"

"पडला असंल," कमळाकर म्हणाला.

"कोण?"

"बारावा. येश्टीत."

"तुम्ही फक्त फिरवा," प्रणित म्हणाले.

कट्टीकडं कुणी पाहिलं नाही. छपराच्या उताराकडं हर्षदनी एकदा पाहिलं, पण ती सोनेरी रेघ उपरोधानं मारलीय का, यावर पुन्हा वाद झाला आणि उतार राहून गेला. कमळाकरचे हात भरून आले होते. त्याला दोनदा वाटलं सांगावं, की अहो, तिथं बाई पाटी ठेवते. पण सांगितलं की प्रवेशिका बाद. सदतीस वेळा कुणी काही विचारलं नव्हतं. आज तीन माणसं त्याच्या कामावर तावातावानं भांडत होती. तो सांगतील तसा फिरत राहिला.

शेवटी क्रमांकाचा प्रश्न आला.

"एकाच प्रवेशिकेला पहिला नंबर दिला तर ती स्पर्धा झाली कुणाशी?" प्रणित म्हणाले. "नंबराला काही अर्थ उरायला हवा."

"दुसरा द्या," हर्षद म्हणाले.

"तिसरा," नूतन म्हणाल्या.

मतदान झालं. पहिला आणि दुसरा क्रमांक योग्य प्रवेशिकेअभावी राखून ठेवण्यात आला, तिसरा क्रमांक प्रवेशिका क्रमांक एक. इतिवृत्तात एक ओळ आणखी पडली: 'परीक्षकांनी मूषकांचे एकमताने कौतुक केले.'

शेठनी लाखबंद पाकीट फोडून नाव वाचलं. "कमळाकर धर्मा म्हात्रे!"

"अहो, ते मॉडेल आता ठेवा खाली," प्रणित कमळाकरला म्हणाले, "आणि जरा त्या म्हात्रेंना बोलवा."

"मीच."

तिघांनी त्याच्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. शाळेच्या क्रीडादिनाचं तीन पायऱ्यांचं लाकडी स्टँड मांडलं होतं. कमळाकर सगळ्यात खालच्या पायरीवर चढला. फोटोवाला म्हणाला, "काका, जरा पहिल्या नंबराकडं बघून हसा." कमळाकरनं वरच्या रिकाम्या पायरीकडं बघितलं आणि खरोखर हसला. त्याला खोटं हसावं लागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा नंबर आला होता.

घरी चंद्रावतीनं प्रमाणपत्र दोन्ही हातांनी धरून वाचलं.

"पयला कोण आला?"

"कोण नाय."

"दुसरा?"

"तो पण नाय."

ती विचारात पडली. "मंग तुम्ही मागं राहिलात ते कोणाच्या?"

कमळाकर जेवला, हात धुतले, शतपावली केली.

तिकडं प्रविणशेठची झोप उडाली. भूमिपूजनाची तारीख ठरलेली, पत्रिका वाटलेल्या, गवंडी दारात बसलेला. आणि नियम नऊ म्हणत होता, पहिल्या क्रमांकाचंच बांधायचं. पहिला क्रमांक कुणाचाच नाही. त्यांनी परीक्षकांना फोन लावले. नूतन म्हणाल्या, "मग जागा रिकामीच ठेवा. तीच सगळ्यात प्रामाणिक वास्तू ठरेल." प्रणितनी फोन उचलला नाही. हर्षद म्हणाले, "शेठ, इतिवृत्त वाचा. आमचं एकमत कशावर झालं होतं?"

शेठनी इतिवृत्त वाचलं. साधा, सरळ माणूस. एकमत उंदरांवर झालं होतं. शिवाय आई गणपतीची भक्त. त्यांनी थेट जोह्याच्या कारखान्यात ऑर्डर दिली: फायबरचे अकरा उंदीर, आठ फूट उंच, हातात ताट, मॉडेलमध्ये आहेत तसे उभे. आखणीसाठी कारखान्यानं अर्थात आपला सगळ्यात चांगला हात लावला.

"माझं छप्पर नाय बांधणार," कमळाकर म्हणाला. "माझी कट्टी नाय बांधणार. उंदीर बांधणार."

"व्हय."

"आणि त्यांचे डोळे तू काढणार."

"मी नाय काढले तर दुसरं कोण काढंल, नि ते तिरळे काढंल," चंद्रावती म्हणाली. मग ब्रश पुसत म्हणाली, "एक सांगा. बघू दे कुठं त्यांना? नदीकडं, का रस्त्याकडं?"

कमळाकर रुसला होता. तरी प्रश्न मापाचा आला की त्याला राहवत नसे. "मिनिडोर येते ती पुलाच्या वळणावरनं. थांबलेलं माणूस तिकडंच बघतं. नि ताटाचं म्हणशील तर..."

"ताटाचं काय?"

"माणसाच्या छातीएवढं उंच ठेवा. वरती मोदक नको. सपाट ठेवा." हे त्यानं का सांगितलं, ते त्याला तेव्हा नीट कळलं नव्हतं. बहुतेक सवयीनं.

उद्घाटनाला तो गेला नाही. चंद्रावती गेली, तिला शाल दिली, भाषणात 'मूषकांच्या नेत्रकार' म्हटलं. संध्याकाळी आली ती डोक्याला हात लावूनच. "लय माणसं होती. सगळी उन्हात. भाषण संपंपर्यंत दोघांना भोवळ आली."

महिनाभर कमळाकरनं रोह्याचं नाव काढलं नाही. ऑफिसात हॉल काढला, किचन काढलं. मग एक दिवस गोविंदाचा फोन आला. "काका, एकदा येऊन जा. तुमच्या उंदरांचं काय झालंय बघा."

"ते माझे नायत."

"गावात सगळे तुमचेच म्हणतात. या तर खरं."

तो गेला, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पुलाच्या वळणाकडं डोळे लावून अकरा उंदीर उभे होते, आणि प्रत्येक उंदराच्या मागं, त्याच्या सावलीच्या पट्ट्यात, माणसं एकामागं एक उभी होती. सूर्य सरकला की सगळी रांग मिळून पाऊलभर सरकायची. शकूनं गाडी पुन्हा पुढं आणून चौथ्या उंदराला टेकवली होती. एक बाई मासळीची पाटी घेऊन आली, तिसऱ्या उंदरापुढं जरा वाकली, पाटी ताटावर सरकवली आणि मान दोन्हीकडं मोडून मोकळी झाली. कुणाला हाक मारली नाही.

कमळाकर बघतच राहिला.

"सगळ्यांचे ठरलेत उंदीर," गोविंदा सांगत होता. "फोनवर सांगतात, मी सातव्याकडं हाय. परवा नवव्यापाशी दोघांची सोयरीक ठरली. पण ऊन लय लागतं ओ. आम्ही पोरांनी ताडपत्री आणलीय. कानांना बांधायची म्हणतो, पण दुपारचं ऊन खालनं घुसतं. तुम्ही सहा रविवार खडूनं रेघा मारत होता, त्या कशाच्या होत्या?"

कमळाकरनं पिशवीतनं वही काढली. ती त्यानं का आणली होती हे त्याला विचारू नये. "पश्चिमेकडचे पाच हायत, त्यांच्या गळ्याला बांधा," तो म्हणाला. "नदीकडच्या सहांच्या कानांना. मधी बांबू घाला, नायतर पावसाचं पाणी साचंल. गळ्याला म्हणजे इथं. नाय, खाली. अजून खाली. हां!"

मिनिडोरवाले चढले, शकूनं स्टूल दिलं, एका शिपायानं आपल्या गाडीतली दोरी दिली. पाऊण तासात छप्पर झालं. पश्चिमेला खाली, नदीकडं उंच, वहीत होतं तसं. तीन वाजले. ऊन आलं, ताडपत्रीच्या कडेला थांबलं. आत आलं नाही.

कमळाकर त्याच्याखाली उभा राहिला. कागदावर काढलेली रेघ डोक्यावर कशी दिसते, हे त्याला माहीत नव्हतं. ऑफिसातली घरं बघायला तो कधी गेला नव्हता. त्यानं शकूकडं पाणी मागितलं.

तेवढ्यात प्रविणशेठ स्कूटरवरून आले आणि ओरडलेच. "हे काय? परीक्षकांना विचारलं का? कलाकृती हाय ती!"

"शेठ, आधी आत तरी या," शकू म्हणाली. "उन्हात कशाला ओरडता?"

शेठ आत आले. रुमालानं मान पुसली. दहाव्या उंदराशी टेकले. वारा आला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. "आई इथंच उभी होती," ते म्हणाले, आणि पुढं तासभर भाचीच्या लग्नाची गोष्ट सांगत बसले. उठताना म्हणाले, "ताडपत्री किती दिवस टिकणार? मी पत्रा देतो. पण कुणी विचारलं तर तात्पुरतं हाय म्हणायचं. नियम नऊ हाय."

पावसाआधी पत्रा बसला. थांब्याच्या फलकावर आजही 'तात्पुरते' असं लिहिलेलं आहे, ऑइलपेंटनं.

गणपती झाल्यावर एका रविवारी कमळाकर सहज तिथं बसला होता, तेव्हा एक बाई गाडीतनं उतरून फोटो काढायला लागल्या. नूतन होत्या. रिकाम्या जागांवर त्या काहीतरी लिहीत होत्या आणि बारावी मोकळी जागा बघायला आल्या होत्या. त्या जागेत शकूचा सिलिंडर होता. पाऊस आला म्हणून त्या छपराखाली आल्या, लॅपटॉपची बॅग ताटावर ठेवली, आणि ठेवल्यावर त्या ताटाकडं बघत राहिल्या.

"ही उंची कुणी ठरवली?"

"मी. म्हणजे कट्टीची ठरवलेली. तुम्हाला मॉडेल फिरवून दाखवलं होतं."

नूतन त्याच्याकडं बघत राहिल्या. ओळख पटली. "म्हात्रे."

"व्हय. मॅडम, एक विचारू? रागावू नका. दुसरा नंबर का नाय दिलात?"

त्या खरं बोलल्या, हे त्यांचं मोठेपण. "हर्षद दुसरा म्हणाले, म्हणून मी तिसरा म्हणाले. एवढंच."

कमळाकर पोट धरून हसला. सदतीस स्पर्धांत जे कारण कुणी कळवलं नव्हतं, ते असलं असेल तर आतापर्यंत उगाच जीव जाळला.

"पण तुम्ही एवढ्या स्पर्धांत भाग का घेता?" त्यांनी विचारलं. "मिळत तर काही नाही."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. "ऑफिसात गिऱ्हाईक सांगतं ते काढतो. तिथं जागा बघायला कोण पाठवत नाय. स्पर्धा असली की मी तिथं जाऊन बसतो, लांबची असली तर मनानं. बघतो. नंबर देणारे तुम्ही, पण बघायला कोण अडवतंय?" मग म्हणाला, "मौनाचं मला कळत नाय. इथं तर सगळी सारखी बोलत असतात. पण ओझं उतरलं की माणूस जरा गप्प होतो, एवढं बघितलंय."

नूतननी वही उघडली, मिटली. पाऊस उघडायला आला तेव्हा त्यांनी फोनमध्ये काहीतरी शोधलं. "मुरुडला मासळी बाजाराच्या ओट्यांची स्पर्धा निघतेय. पुढच्या महिन्यात शेवटची तारीख. मी परीक्षक नाही."

"तिथं मासळीवाल्या बसतात किती उंचीवर?"

"माहितीपत्रकात असेल."

"त्यात नसतं," कमळाकर म्हणाला. गोविंदा हॉर्न वाजवत वळणावरून येत होता. "गोविंदा, मुरुडची पयली येश्टी कितीला रे?"